पुस्तकात वाचला, रानात संपला

लंडनमध्ये १८८७-८८ साली एका पक्षिग्रंथाची दुसरी आवृत्ती दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाली. 'अ हिस्टरी ऑफ द बर्ड्स ऑफ न्यूझीलंड' हे त्याचे नाव आणि वॉल्टर बुलर हे लेखक. त्यातली अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे योहानेस जेरार्डस क्युलेमान्स या डच चित्रकाराची होती. न्यूझीलंडच्या पक्ष्यांची इतकी देखणी चित्रे तोवर कुणी छापली नव्हती आणि तिथल्या घरांत आजही त्या चित्रांच्या प्रती चौकटीत लावलेल्या दिसतात. त्यातल्या एका चित्रात हुइया पक्ष्याची जोडी आहे. अंगावर हिरवट चकाकीचा काळा रंग, गालांवर नारिंगी लोळ्या, शेपटीच्या टोकाला पांढरा पट्टा. हे चित्र छापले गेले तेव्हा हुइया उत्तर बेटाच्या डोंगरांत अजून होता. त्यानंतर वीसेक वर्षांतच तो नाहीसा झाला.

पक्ष्याचे सर्वांत सुंदर चित्र आणि त्याचा सर्वांत वेगवान संहार एकाच काळात घडले. चित्र काढवून घेणारे आणि संहाराला हातभार लावणारे लोकही काही अंशी तेच होते. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर त्या बेटांवरच्या रानापासून सुरुवात करावी लागते.

न्यूझीलंडच्या भूमीवर माणूस पोचण्याआधी वटवाघळे सोडली तर जमिनीवर वावरणारे सस्तन प्राणी नव्हते. मांजर, उंदीर, कोल्हा यांची भीती न बाळगता पक्षी लाखो वर्षे तिथे वाढले. काही उडणे विसरले, काहींनी जमिनीलगत घरटी बांधली. हुइयाला उडता येत असे, पण तो जास्त करून उड्या मारत फांद्यांवरून आणि जमिनीवरून फिरे. त्याच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट होती. नराची चोच आखूड आणि बळकट, सुमारे सहा सेंटिमीटरची. मादीची बारीक, कमानीसारखी वाकलेली, दहा सेंटिमीटरच्या आसपास. कुजलेल्या लाकडातल्या अळ्या हे त्यांचे आवडते खाणे. नर चोचीने लाकूड फोडी, मादी आपली लांब चोच खोल भोकात घालून अळी ओढून काढी. नर-मादीच्या चोचींत एवढा फरक असलेला पक्षी जगात क्वचितच सापडतो.

न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांमध्ये हुइयाला मोठा मान होता. त्याची पांढऱ्या टोकाची शेपटीची पिसे फक्त थोर घराण्यांतली माणसे डोक्यात खोवत. ही पिसे ठेवण्यासाठी कोरीव लाकडी पेट्या बनत. त्यांना 'वाका हुइया' म्हणत. माओरी या पक्ष्याची शिकार करत, त्याच्या शिळेची नक्कल करून त्याला जवळ बोलावत. शीळ ऐकली की हुइया कुतूहलाने अगदी हाताशी येई. पुढे बंदूकवाल्यांनीही हाच उपाय वापरला.

युरोपला हुइया कळला तो कातड्यांवरून. त्या काळात पक्षिशास्त्राचा सगळा व्यवहार मेलेल्या पक्ष्यांवर चाले. दूरदेशी पक्षी मारायचा, कातडी सोलून आत भर घालायची, पायाला चिठ्ठी बांधायची आणि जहाजातून लंडन, पॅरिस, व्हिएन्नाला धाडायचा. प्रसिद्ध पक्षिचित्रकार आणि प्रकाशक जॉन गूल्ड यांच्यासमोर १८३०च्या दशकात अशा काही कातड्या आल्या. चोचींतला फरक पाहून त्यांनी नर आणि मादी यांना दोन वेगळ्या जाती ठरवून दोन नावे दिली. थोड्याच वर्षांत ही चूक दुरुस्त झाली. पण जिवंत जोडी एकत्र कशी जगते हे न बघता नुसत्या कातड्यांवरून केलेला विचार कुठे अडखळतो, ते त्यातून दिसले.

१८४०मध्ये ब्रिटिश आणि माओरी प्रमुख यांच्यात वायटांगीचा करार झाला आणि ब्रिटिश वसाहतीचा ओघ वाढला. वसाहतीला जमीन हवी होती आणि जमिनीवर जंगल होते. उत्तर बेटाच्या दक्षिण भागात 'सेव्हंटी माइल बुश' नावाचे विस्तीर्ण अरण्य होते. हुइयाच्या हक्काच्या मुलखातले हे रान तोडण्यासाठी सरकारने नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनमधली कुटुंबे आणून वसवली. नॉर्सवुड आणि डॅनेव्हर्क ही गावे १८७२ सालची. कुऱ्हाड आणि आग यांनी काही दशकांत त्या रानाची गवताळ कुरणे झाली. हुइयाला लागणारी जुनी, आतून कुजलेली, अळ्यांनी भरलेली झाडे सगळ्यांत आधी गेली.

त्याच सुमाराला आणखी एक संकट आले. वसाहतवाल्यांनी शिकारीसाठी आणि मांसासाठी ससे आणले होते. सशांनी मेंढ्यांची कुरणे फस्त करायला सुरुवात केली. मग सशांचा बंदोबस्त म्हणून १८८०च्या दशकात स्टोट, वीझल आणि फेरेट हे मुंगसाच्या चणीचे शिकारी प्राणी सोडण्यात आले. पक्ष्यांचे काय होईल याचा इशारा पक्षितज्ज्ञांनी आधीच दिला होता. तो कुणी मनावर घेतला नाही. ससे काही संपले नाहीत; स्टोट मात्र रानात शिरले आणि घरट्यांपर्यंत पोचले.

या सगळ्याच्या मध्यभागी वॉल्टर बुलर उभे होते. त्यांचा जन्म १८३८चा, न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला होकिआंगामध्ये. वडील वेस्लियन मिशनरी. माओरी भाषा त्यांना लहानपणापासून येत होती. दुभाषी, मॅजिस्ट्रेट आणि माओरी जमिनींच्या न्यायालयातले न्यायाधीश अशी पदे त्यांनी सांभाळली, पुढे वकिली करून ते श्रीमंत झाले. पक्ष्यांचे वेड मात्र कायम राहिले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या माणसाने तिथल्या पक्ष्यांचा पहिला मोठा ग्रंथ लिहावा ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती, आणि ती त्यांनी पुरी केली.

त्यांच्या मनात एक पक्के गृहीतक होते. युरोपातून आलेले गवत स्थानिक गवताला हटवते, युरोपचा उंदीर स्थानिक उंदराला हटवतो, तसेच इथले पक्षी आणि इथली माणसेही मागे हटणार. हा निसर्गाचा नियम आहे आणि त्यापुढे कुणाचे काही चालत नाही, अशी त्या काळातल्या बऱ्याच शिकलेल्या वसाहतवाल्यांची समजूत होती. बुलर यांनी ती आपली मानली होती. म्हणून आपले काम त्यांना सोपे आणि निकडीचे वाटे. पक्षी जाणारच आहेत, तर ते जाण्याआधी त्यांचे वर्णन, त्यांची चित्रे आणि त्यांच्या कातड्या जमवून ठेवायच्या.

१८७१मध्ये ते लंडनला गेले. तिथे त्यांना क्युलेमान्स भेटले. १८४२मध्ये रॉटरडॅमला जन्मलेले क्युलेमान्स लायडेनच्या संग्रहालयात पक्ष्यांची चित्रे काढायला शिकले आणि १८६९मध्ये इंग्लंडला आले होते. ते न्यूझीलंडला कधीच गेले नाहीत. टेबलावर ठेवलेल्या निर्जीव कातडीत प्राण ओतण्याची हातोटी हेच त्यांचे भांडवल होते. पक्षी फांदी कशी धरतो, मान कुठे वळवतो, पिसांवर उजेड कसा पडतो, याचा अंदाज ते अचूक बांधत. त्या काळात पक्षिशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथांना चित्रे हवी असली की प्रकाशक त्यांच्याकडेच वळत.

पहिली आवृत्ती १८७२-७३मध्ये भागाभागाने निघाली. छपाई शिळाछापाची. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर चित्रकार तेलकट खडूने उलटे चित्र काढतो. मग दगड ओला करतात. पाणी रिकाम्या जागेत मुरते, खडूच्या रेघांवर मात्र ठरत नाही. वरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना धरते आणि कागदावर उमटते. दगडावरचे रेखन क्युलेमान्स स्वतः करत, त्यामुळे कोरणाऱ्या कारागिराच्या हातून रेघेतला जीव जाण्याची भीती नसे. छापलेल्या काळ्या चित्रांना रंग हाताने भरले जात. चित्रकाराने रंगवून दिलेला एक नमुना समोर ठेवून रंगारी एकेक पान रंगवत. पहिल्या आवृत्तीच्या ५०० प्रती निघाल्या, म्हणजे काही हजार पाने हातांखालून गेली.

पहिल्या आवृत्तीने बुलर यांना नाव मिळाले. पुढे रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि सर हा किताबही आला. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी आकार वाढवला, प्रती १००० केल्या आणि हाताने रंग भरण्याऐवजी रंगीत शिळाछाप वापरला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवर अचूक जागी बसवायचा. राजा रविवर्मांनी १८९४मध्ये गिरगावात छापखाना काढून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचवल्या त्याही याच पद्धतीने. क्युलेमान्स यांच्या चित्रांना या छपाईने दाट, खोल रंग दिला. हुइयाच्या काळ्या पिसांवरची हिरवी झाक कागदावर उतरली.

इकडे कागदावर रंग चढत होते, तिकडे रान रिकामे होत होते. मनावातू घाट आणि अकिटिओ यांच्या दरम्यानच्या जंगलातून अकरा माओरी शिकाऱ्यांच्या एका टोळीने एका महिन्यात हुइयाच्या ६४६ कातड्या मिळवल्या, ही नोंद खुद्द बुलर यांची. आंद्रेआस रायशेक या ऑस्ट्रियन संग्राहकाने दहाएक वर्षांत २१२ जोड्या व्हिएन्नासाठी जमवल्या. चोचींतला फरक दाखवायचा म्हणून संग्रहालयांना जोडी हवी असे आणि त्यामुळे नर-मादी दोघेही मारले जात. श्रीमंत घरांत काचेच्या पेटीत हुइयाची जोडी मांडण्याची पद्धत पडली. सोन्यात मढवलेल्या चोचीचे दागिने निघाले.

बुलर यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग अस्वस्थ करणारा आहे. ते साथीदारांसह जंगलात असताना हुइयाची एक जोडी काही आवाज न करता वरच्या फांदीवर आली आणि एकमेकांना चोचींनी कुरवाळू लागली. तेवढ्यात साथीदाराची गोळी सुटली आणि दोन्ही पक्षी एकदमच खाली पडले. बुलर सांगतात की तो प्रसंग हृदयाला भिडणारा होता आणि गोळी आपली नव्हती याचे जवळजवळ बरेच वाटले. मात्र ते दोन उत्तम नमुने आपल्याकडे ठेवायला मन कचरले नाही, हेही ते सांगतात. त्या माणसाला पक्ष्याविषयी प्रेम नव्हते असे हे वाचून म्हणता येत नाही. प्रेम होते, पण ज्याचे मरण ठरलेलेच आहे अशा जिवाविषयी वाटावे तसे ते होते.

पक्षी वाचवण्याचा विचार तेव्हा कुणाच्या मनात आलाच नव्हता, असेही नाही. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला मनावातू आणि वैरारापा भागांतल्या माओरी प्रमुखांनी तारारुआ डोंगररांगेवर 'राहुई' पुकारली, म्हणजे तिथे शिकारीला बंदी घातली. पण जमिनी हातातून जात असताना अशा बंदीचा वचक किती उरणार? काही वर्षांनी गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यांना वेलिंग्टनमध्ये मुलगा झाला. त्यांनी त्याच्या नावात 'हुइया' घातले आणि मुलाला ओटाकीच्या न्गाती हुइया या माओरी जमातीपुढे नेले. ज्या पक्ष्याचे नाव मुलाला दिले, तो पक्षी मुलाला मोठेपणी पाहायला मिळावा, असे त्या समारंभात माओरींनी बोलून दाखवले. १८९२मध्ये हुइयाला कायद्याचे संरक्षण मिळाले. पक्ष्यांसाठी माणसांपासून दूर बेटे राखून ठेवावीत ही कल्पनाही याच काळात पुढे आली आणि हौतुरू, कापिती, रेझोल्यूशन या बेटांची नावे ठरली.

कायदा झाला तरी अंमलबजावणी ढिली राहिली. हुइयाच्या जोड्या बेटांवर नेऊन सोडायच्या होत्या, ते काम झालेच नाही. हौतुरूवर सोडण्यासाठी मिळवलेली एक जिवंत जोडी बुलर यांनी इंग्लंडला नेली, ती वॉल्टर रॉथचाइल्ड या धनाढ्य संग्राहकाला भेट देण्यासाठी. ज्यांच्या शब्दाला पक्ष्यांच्या बाबतीत सर्वाधिक वजन होते, त्यांनीच असे केल्यावर इतरांकडून काय अपेक्षा करायची?

त्या काळाची मनोवृत्ती स्टीफन्स बेटाच्या हकिगतीतही दिसते. कुकच्या सामुद्रधुनीतल्या या छोट्या बेटावर १८९४मध्ये दीपगृह सुरू झाले. दीपगृहावर कामाला असलेल्या डेव्हिड लायल यांच्या हाती मांजराने आणलेले एका चिमुकल्या, जवळजवळ न उडणाऱ्या पक्ष्याचे नमुने आले. विज्ञानाला तो अगदी नवा होता. एक नमुना बुलर यांच्याकडे पोचला आणि तो लंडनला जाऊन क्युलेमान्स यांनी त्याचे चित्र काढले. दरम्यान एका व्यापाऱ्याने नऊ नमुने रॉथचाइल्ड यांना विकले आणि नाव देण्याचा मान त्यांनी आधी पटकावला. १८९५च्या 'आयबिस' नियतकालिकात बुलर यांचा लेख क्युलेमान्स यांच्या चित्रासह आला. बेटावर तोवर मांजरांची संख्या वाढत चालली होती आणि पक्षी संपत आला होता. नाव कोण देणार यावर दोन विद्वानांत चुरस लागली; मांजरे आवरायला कुणी धावले नाही.

हुइयाचे चित्र मात्र आता देशभर फिरू लागले. १८९८च्या टपाल तिकिटांत तीन पेन्सच्या तिकिटावर हुइया होता. १९०१मध्ये इंग्लंडचे भावी राजे पाचवे जॉर्ज राजपुत्र म्हणून न्यूझीलंडला आले. रोटोरुआला एका माओरी स्त्रीने आपल्या केसांतले हुइयाचे पीस काढून त्यांच्या टोपीत खोवले. आदराचा तो संकेत होता, पण छायाचित्रे आणि बातम्या पसरल्या आणि न्यूझीलंडमध्ये, इंग्लंडमध्ये टोपीला हुइयाचे पीस लावण्याची टूम निघाली. एका पिसाला पाच पौंडांपर्यंत भाव गेला. शेपटीत पिसे बारा. म्हणजे एक पक्षी मारला की मारणाऱ्याचे काही महिन्यांचे भागावे. अशा वेळी रानात कायदा कोण पाळणार?

२८ डिसेंबर १९०७ रोजी डब्ल्यू. डब्ल्यू. स्मिथ यांना तारारुआ रांगेत तीन हुइया दिसले. खात्रीची म्हणावी अशी ही शेवटची नोंद. बुलर त्याआधीच, १९०६मध्ये, इंग्लंडमध्ये वारले होते.

हुइया कशाने गेला, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. जंगल तुटले, उंदीर आणि स्टोट आले, बंदूक आली, संग्रहालये आणि टोपीवाले आले. यातले कोणतेही कारण एकटे असते तर कदाचित पक्षी तगला असता. पण ही सगळी एकाच वेळी आली आणि ती रोखण्याचे मार्ग ठाऊक असूनही रोखली गेली नाहीत, यामागे 'हे व्हायचेच आहे' ही समजूत होती. पक्षी हटणारच असे मानले की शेवटची जोडी जिवंत सोडण्यापेक्षा पेटीत ठेवणे शहाणपणाचे वाटू लागते. बुलर-क्युलेमान्सच्या ग्रंथाचे मोल कमी नाही. हुइया कसा होता हे आज आपण जे जाणतो, त्यातला मोठा वाटा त्यांचा आहे. तरीही या चित्रांनी त्या काळच्या वाचकाला पक्षी वाचवण्याची हाक दिली नाही. जाणाऱ्या वैभवाची आठवण जपून ठेवायला शिकवले, आणि आठवण म्हणून खरीखुरी कातडी किंवा पीस मिळवायची हाव त्यातूनच वाढली.

वेगळ्या वाटेने जाणारी माणसेही त्याच काळात होती. १८९४मध्ये रिचर्ड हेन्री यांना रेझोल्यूशन बेटावर राखणदार नेमले. त्यांनी होडीतून आणि पायी हिंडून, मुसके बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने काकापो आणि किवी पकडले आणि सातशेच्या आसपास पक्षी बेटावर नेऊन सोडले. १९००च्या सुमारास स्टोट पोहत बेटावर पोचला आणि हेन्रींचे बरेचसे कष्ट वाया गेले. पण धोक्यातला पक्षी उचलून सुरक्षित बेटावर न्यायचा, ही रीत त्यांनी घालून दिली.

१९२३मध्ये व्हॅल सँडरसन यांनी देशी पक्ष्यांच्या रक्षणासाठी संस्था उभारली, जी आज 'फॉरेस्ट अँड बर्ड' म्हणून ओळखली जाते. कापिती बेट राखीव असूनही तिथे गुरे-बकऱ्यांनी रान खाल्लेले पाहून ते चिडले होते. या संस्थेने इंग्लंडहून आलेल्या लिली डॅफ या चित्रकर्तीकडून देशी पक्ष्यांची चित्रे काढवून घेतली. ती संग्राहकांच्या कपाटासाठी नव्हती. सामान्य वाचकाने आणि मुलांनी आपले पक्षी ओळखावेत, त्यांच्या बाजूने उभे राहावे, यासाठी होती. तीच पिसे, तशाच चोची, पण चित्राचा हेतू पालटला होता.

या बदललेल्या दृष्टीला पुढे फळ आले. हुइयाचाच नातलग असलेला तिएके दक्षिणेकडे एका बेटापुरता उरला होता आणि १९६४मध्ये त्या बेटावर उंदरांनी धाड घातली. वन्यजीव विभागातल्या माणसांनी ३६ पक्षी पकडून उंदीर नसलेल्या बेटांवर हलवले. त्याच बेटावरचा एक छोटा रेन पक्षी हलवूनही वाचला नाही. तिएके मात्र तगला. चॅथम बेटांवरच्या काळ्या रॉबिनचे १९८०मध्ये फक्त पाच पक्षी उरले होते आणि त्यांत यशस्वीपणे अंडी घालणारी मादी एकच होती. डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांत उबवून घेतली. आज ती जात शेकड्यांत मोजता येते.

चित्रकारांनीही बुलर यांच्या वारशाकडे नव्याने पाहिले. १९८९मध्ये बिल हॅमंड हे चित्रकार दक्षिणेकडच्या ऑकलंड बेटांवर गेले. तिथून परतल्यावर त्यांच्या चित्रांत माणसाचे धड आणि पक्ष्याचे डोके असलेल्या आकृती आल्या. १९९३च्या 'वेटिंग फॉर बुलर' या चित्राच्या नावातच आरोप आहे. शिकाऱ्याची, संग्राहकाची वाट पाहणारे पक्षी त्यात आहेत. बुलर यांच्या ग्रंथात पक्षी पाहिला जाणारा होता. हॅमंड यांच्या चित्रात तो आपल्याकडे पाहतो.

जुनी हाव मात्र संपलेली नाही. २०२४मध्ये ऑकलंडच्या लिलावात हुइयाचे एक पीस ४६ हजारांहून अधिक न्यूझीलंड डॉलरला गेले. जो पक्षी जिवंत असताना वाचवता आला नाही, त्याच्या एका पिसाची आज एवढी किंमत होते.

वॉल्टर बुलर यांच्याकडे शास्त्र होते, कायद्याची जाण होती, माओरी भाषा होती, सत्तेच्या दारी वजन होते आणि त्या काळातला सर्वोत्तम पक्षिचित्रकार त्यांच्या दिमतीला होता. हेन्रींकडे एक होडी, एक कुत्रा आणि पक्षी वाचू शकतात हा विश्वास एवढेच होते. हेन्री त्यांच्या बेटावर हरले, पण तिएके आणि काळा रॉबिन वाचले ते त्यांच्याच रीतीने. धोक्यातल्या पक्ष्याचे चित्र आज काढणाऱ्याने आणि पाहणाऱ्याने, दोघांनीही, या दोन माणसांपैकी आपण कुणाच्या बाजूला आहोत हे आधी ठरवले पाहिजे, आणि पक्षी अजून रानात असतानाच ठरवले पाहिजे.